गोचिडीला जेवण एकाचं, जंतू दुसऱ्याचा

गवताच्या पात्याच्या टोकावर खसखशीच्या दाण्याएवढी एक गोचीड बसली आहे. मागच्या सहा पायांनी तिनं पातं घट्ट धरलंय आणि पुढचे दोन पाय हवेत पसरलेत, लहान मूल ‘मला घे’ म्हणत हात पुढे करतं तसे. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. पण त्या पुढच्या पायांच्या टोकाशी एक बारीक खळगा असतो आणि श्वासातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास हे सगळं तिला त्या खळग्यातून कळतं. कुणी घासून गेलं की ती चिकटते. कुणीच आलं नाही आणि अंग सुकायला लागलं, तर ती खाली पालापाचोळ्यात उतरते, ओलावा घेते आणि पुन्हा वर चढते. हे असं आठवडेच्या आठवडे चालतं.

वाट कुणाची बघते? जो येईल त्याची. आणि सगळी गोम तिथेच आहे. तिच्या वाट्याला उंदीर आला, हरीण आलं, सरडा आला की माणूस, यावर दोन गोष्टी ठरतात: पुढे त्या रानात गोचिडी किती होणार, आणि त्यातल्या किती आजार देणार. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण धरून चालतो. त्या एक नाहीत, आणि त्यांची गल्लत झाली की भलत्याच प्राण्यावर खापर फुटतं.

तीन जेवणांचं आयुष्य

माणसाला आजार देणाऱ्या बऱ्याचशा गोचिडी आयुष्यात फक्त तीनदा जेवतात. अंड्यातून सहा पायांची अळी निघते. ती एकदा रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांची निम्फ होते. निम्फ पुन्हा एकदा रक्त पिते आणि प्रौढ होते. प्रौढ मादी शेवटचं जेवण जेवते, फुगून वाटाण्याएवढी होते, जमिनीवर उतरून एकाच जागी हजारो अंडी घालते आणि मरते. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या काळ्या पायांच्या गोचिडीला हा फेरा पुरा करायला दोन वर्षं लागतात आणि त्यात ती प्रत्यक्ष कुणाच्या अंगावर असते ते जेमतेम दोन-तीन आठवडे. बाकी सगळा काळ पालापाचोळ्यात.

ज्याच्या अंगावर ती जेवते त्याला जीवशास्त्रात ‘यजमान’ म्हणतात. शब्द गमतीचाच आहे. आमंत्रण नाही, आगतस्वागत नाही, आणि पाहुणी मात्र तीन-चार दिवस, कधी आठवडाभर मुक्काम ठोकून.

प्रत्येक जेवणाचा यजमान वेगळा असतो. अळी जमिनीलगत असते, त्यामुळे तिला उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर दाणे टिपणारे पक्षी असे ठेंगणे प्राणी भेटतात. निम्फ थोडी वर चढते आणि तिला जवळजवळ कुणीही चालतं, माणूसही. प्रौढ मादीला मात्र मोठं जनावर लागतं, कारण हजारो अंड्यांना पुरेल एवढं रक्त चिमुकल्या अंगातून निघणं अवघड.

आता लाइम आजाराचं उदाहरण घेऊ, कारण गोचिडींच्या आजारांपैकी सर्वांत जास्त अभ्यास याचाच झालाय. १९७५च्या सुमारास अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, लाइम नावाच्या गावाच्या आसपास, मुलांचे सांधे सुजायला लागले. एका छोट्या परिसरात इतक्या मुलांना संधिवात कसा, हा प्रश्न आधी तिथल्या आयांनीच लावून धरला. १९८१मध्ये विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडींच्या आतड्यात मळसूत्रासारखा वळलेला एक जिवाणू दिसला. पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं: बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

हा जिवाणू गोचिडीच्या आईकडून अंड्यात जात नाही. अळी कोरी जन्मते. त्यामुळे एखाद्या निम्फच्या पोटात बोरेलिया सापडला, तर तो तिला तिच्या एकमेव जेवणातच मिळालेला असणार. तिचा तोवरचा यजमान एकच, म्हणजे संशयितही एकच.

हरणाची कोर्टकचेरी

हा जंतू माणसाला देणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीला बोलीभाषेत ‘हरणांची गोचीड’ म्हणतात, त्यामुळे आरोपी कोण हे नावातच ठरून गेलं. हरणं वाढली, गोचिडी वाढल्या, आजार वाढला. सरळ हिशेब.

पण हरणाच्या अंगावर जेवलेली अळी सहसा कोरीच राहते. हरणाच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांपुढे बोरेलिया टिकत नाही. हरीण जंतू देत नाही, किंबहुना त्या एका गोचिडीपुरता तो थांबवतं. तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी? अगदी तसंही नाही. हा संन्यासी चोरांना जेवू घालतो. प्रौढ माद्यांपैकी बहुतेकींचं शेवटचं जेवण हरणाच्या अंगावर होतं आणि तिथूनच पुढच्या पिढीची अंडी येतात.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यासमोर मोनहेगन नावाचं लहानसं बेट आहे. तिथली सगळी हरणं १९९६ ते १९९९ या काळात मारली गेली. पुढच्या काही वर्षांत तिथे काळ्या पायांच्या गोचिडी जवळपास दिसेनाशा झाल्या. उंदीर-घुशी होत्याच, त्यांच्यात जंतूही होता, पण माद्यांना शेवटचं जेवण मिळेना. बेटावर हे जमतं, कारण समुद्र ओलांडून नवी हरणं सहसा येत नाहीत.

मुख्य भूमीवर हाच प्रयोग भलतीकडे जाऊ शकतो. हरणं निम्मी केली तर उरलेल्या प्रत्येक हरणावर जास्त गोचिडी चढतात आणि एकूण अंड्यांत फारसा फरक पडत नाही. कुंपण घालून हरणांना बाहेर ठेवण्याचे ठिकठिकाणी झालेले प्रयोग संशोधकांनी एकत्र तपासले, आणि इटलीच्या उत्तरेत स्वतःही तसा एक केला. मोठ्या कुंपणांत गोचिडी घटल्या. सुमारे अडीच हेक्टरांपेक्षा लहान कुंपणांत मात्र त्या वाढलेल्या दिसल्या. कारण सरळ आहे. कुंपणाच्या फटीतून उंदीर ये-जा करत राहतात आणि अंगावरून गोचिडी आत आणून टाकतात. त्यांना उचलून नेणारं हरीणच नसल्यानं त्या तिथेच ताटकळत राहतात, आणि उंदरांवर जेवणाऱ्या वाढतात. हरीण म्हणजे गोचिडींचा नुसता पोशिंदा नव्हे, तो त्यांना गवतावरून उचलणारा झाडूही आहे. दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात, म्हणून ‘हरणं कमी करा’ या एका वाक्याचं उत्तर जागेगणिक बदलतं.

उंदीर, आणि त्याआधी ओकचं झाड

मग जंतू देतो कोण? मुख्य नाव येतं ते पांढऱ्या पायांच्या उंदराचं. पूर्व अमेरिकेच्या जंगलातला हा मोठ्या डोळ्यांचा, दिसायला गोजिरवाणा प्राणी. तो बोरेलिया अंगात बाळगून मजेत हिंडतो, आजारी पडल्याचं काही लक्षण नाही. त्याच्यावर जेवलेल्या अळ्यांपैकी दर दहातल्या नऊच्या आसपास अळ्या जंतू घेऊनच उतरतात. शिवाय तो अंगावरच्या गोचिडी काढण्याबाबत अगदी ढिला आहे. कानाच्या कडेला अळ्यांची रांग लागलेली असली तरी चालवून घेतो. (प्रसिद्धी सगळी उंदराला मिळाली, पण चिचुंद्र्यांकडे नीट लक्ष दिल्यावर काही ठिकाणी त्यांचा वाटा उंदरापेक्षाही मोठा निघाला. पकडायला कठीण असलेल्या प्राण्यांवरचे आरोप नेहमीच उशिरा सिद्ध होतात.)

न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रूक इथे रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि त्यांचे सहकारी ही साखळी वर्षानुवर्षं मोजत आले आहेत. तिची सुरुवात गोचिडीपासून होतच नाही, ओकच्या झाडापासून होते. ओकला दरवर्षी सारखी फळं येत नाहीत. काही वर्षांच्या अंतरानं एखाद्या शरदात सगळ्या झाडांना एकदम इतकी येतात की जमीन झाकली जाते. उंदरांना हिवाळाभर बेगमी होते. पुढच्या उन्हाळ्यात उंदीरच उंदीर. त्याच उन्हाळ्यात निघालेल्या अळ्यांना पहिलं जेवण उंदराचं मिळतं, त्या जंतू घेतात, पालापाचोळ्यात वर्ष काढतात आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात निम्फ होऊन गवतावर चढतात. म्हणजे ओक बहरल्यापासून साधारण पावणेदोन वर्षांनी माणसाचा धोका वाढतो. आजाराचा अंदाज बांधायचा तर झाडाखालची फळं मोजायची, हे कुणी पहिल्यांदा सांगितलं तर हसूच येईल.

इथे धोका म्हणजे नक्की काय, तेही पाहून घेऊ. संशोधक रानात पांढरं कापड जमिनीवरून ओढत नेतात, त्याला चिकटलेल्या निम्फ मोजतात आणि त्यातल्या किती बाधित आहेत ते तपासतात. समजा एका रानात शंभर चौरस मीटरमध्ये २० निम्फ सापडल्या आणि त्यातल्या १० टक्के बाधित निघाल्या, तर धोक्याच्या निम्फ २. दुसऱ्या रानात फक्त ८ सापडल्या, पण निम्म्या बाधित, तर धोक्याच्या ४. पहिल्या रानातून आल्यावर कपड्यांवरून गोचिडी झटकून तुमचा जीव मेटाकुटीला येईल. आजारी पडायची शक्यता मात्र दुसऱ्या रानात दुप्पट. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण गुणाकार खरा आहे. हरीण त्यातला पहिला आकडा हलवतं, उंदीर मुख्यतः दुसरा.

सरड्याचा धडा

पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, कुंपणावर ऊन खात बसणारा एक सरडा आहे. पोटाला निळसर झाक. तिथल्या गोचिडींच्या अळ्या आणि निम्फ मोठ्या प्रमाणात याच्यावरच जेवतात. त्याच्या रक्तात असं काही आहे की ते प्यायल्यावर गोचिडीच्या पोटातला बोरेलिया मरतो. बाधित निम्फ सरड्यावर जेवली की शुद्ध होऊन उतरते. कॅलिफोर्नियात लाइम आजार पूर्वेपेक्षा कमी असण्याचं एक कारण म्हणून या सरड्याकडे बोट दाखवलं जातं.

मग सरडे गेले तर धोका वाढणार, असं कुणीही म्हणेल. २०११मध्ये याच प्रश्नावरच्या एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. रानातल्या काही तुकड्यांमधून सरडे पकडून हलवले आणि पुढे काय होतं ते पाहिलं. अपेक्षा होती की भुकेल्या अळ्या उंदरांकडे वळतील. काही वळल्या, पण बहुतेकींना दुसरा यजमान मिळालाच नाही आणि त्या उपाशी मेल्या. पुढच्या वर्षी त्या तुकड्यांत निम्फ कमी होत्या. जंतू मारणारा सरडा गेला आणि बाधित निम्फही घटल्या! सरडा जंतू धुऊन काढत होता हे खरंच, पण त्याच वेळी गोचिडींना पोटभर जेवूही घालत होता. आणि दुसऱ्या कामाचं पारडं जड निघालं.

ओपॉसमचीही गोष्ट अशीच शिकवून जाणारी. हा मांजराएवढा, पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा प्राणी. २००९च्या एका अभ्यासात पिंजऱ्यातल्या ओपॉसमवर अळ्या सोडल्या आणि किती पोट भरून खाली पडतात ते मोजलं. फारच थोड्या पडल्या. उरलेल्या त्यानं अंग चाटताना खाल्ल्या, असा निष्कर्ष निघाला आणि ‘हजारो गोचिडी फस्त करणारा मित्र’ म्हणून त्याची चित्रं जगभर फिरली. पुढे २०२१मध्ये दुसऱ्या संशोधकांनी रानातल्या ३२ ओपॉसमच्या पोटातलं अन्न सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यात एकही गोचीड नव्हती. ओपॉसम बिचारा आहे तिथेच आहे, आपणच त्याला आधी डोक्यावर घेतलं आणि मग खाली ठेवलं.

या दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या, कारण या विषयात एक फार आवडता सिद्धांत आहे. रानात प्राण्यांची विविधता जितकी जास्त, तितकी अळ्यांची जेवणं ‘निकामी’ यजमानांवर वाया जातात आणि जंतू विरळ होत जातो. रान तुकड्या-तुकड्यांत कापलं की मोठे प्राणी जातात, उंदीर राहतात, आणि आजार दाटतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका अभ्यासात दोन हेक्टरांपेक्षा लहान जंगलतुकड्यांत निम्फही जास्त आणि त्यातल्या बाधितही जास्त सापडल्या होत्या. त्यामुळे सिद्धांताला बळ आहे. पण टीकाकार म्हणतात की प्रत्येक नवा प्राणी गोचिडींना जेवणही देतो, त्यामुळे निकाल त्या-त्या ठिकाणच्या प्राण्यांवर अवलंबून राहतो. ‘रान वाचवा, आजार टळेल’ हे वाक्य कानाला गोड लागतं. ते खरं असावं असं मलाही मनापासून वाटतं, आणि नेमकं म्हणूनच मी त्याच्याकडे जरा डोळे बारीक करून बघतो.

शिकारी प्राण्यांची बाजू मला जास्त पटते. नेदरलँड्समधल्या जंगलांत कोल्हे आणि मार्टेन (मुंगसासारखा लांबट बांध्याचा शिकारी) जास्त फिरत होते तिथे उंदरांच्या अंगावर गोचिडी कमी सापडल्या. गंमत अशी की तिथे उंदरांची संख्या मात्र कमी झालेली दिसली नाही. कोल्हा आसपास असला की उंदीर बिळाबाहेर कमी हिंडतो, एवढंच. आणि उंदीर हिंडला नाही तर पालापाचोळ्यात वाट बघणाऱ्या अळीला तो भेटणार कसा?

एकाच पंगतीत

आतापर्यंतचा सगळा हिशेब असा होता की जंतू आधी यजमानाच्या रक्तात वाढतो आणि तिथून गोचिडीत जातो. काही विषाणूंना तेवढीही गरज पडत नाही. युरोपात गोचिडींमुळे होणारा मेंदूज्वर घ्या. उंदराच्या कानावर एक बाधित निम्फ आणि तिला खेटून चार कोऱ्या अळ्या जेवत असतील, तर विषाणू कातडीतल्या पेशींमधून थेट शेजारणींकडे जातो. उंदराच्या रक्तात तो सापडला नाही तरीही. पंगतीत शेजारी बसल्याचा प्रसाद. म्हणून अळ्या आणि निम्फ एकाच हंगामात, एकाच उंदरावर, एकदम जेवायला येतात की नाही याला तिथे फार महत्त्व येतं. स्कॉटलंडच्या डोंगरांत मेंढ्यांना आणि ग्राउस पक्ष्यांना होणारा एक विषाणूजन्य आजारही असाच, वरवर निरोगी दिसणाऱ्या सशांवर जेवणाऱ्या गोचिडींत आपसांत पसरतो. सशाचं रक्त तपासून त्याला निर्दोष सोडणारी तपासणी इथे पार फसते.

माकडतापाची गोष्ट याहून वेगळी. १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासानूरच्या जंगलात, वानरं आणि माकडं मरून पडायला लागली आणि पाठोपाठ जंगलात जाणारी माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधला. त्याला त्या जंगलाचं नाव मिळालं, लोकांच्या तोंडी मात्र ‘माकडताप’च बसला. २०१६मध्ये हा आजार सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात पुढे आला.

नावामुळे इथेही खापर माकडावर फुटतं. माकड खरं तर या साखळीतलं सर्वांत दुर्दैवी पात्र. त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो, त्या दिवसांत चावलेल्या गोचिडी बाधित होतात, आणि मग ते मरतं. अंग गार पडलं की गोचिडी ते सोडतात आणि आजूबाजूच्या पाचोळ्यात उतरतात. जिथे माकड मेलं तिथली जमीन पुढे काही काळ सर्वांत धोक्याची, म्हणून मेलेलं माकड दिसलं की जवळ न जाता कळवायचं आणि त्या जागेभोवती औषध फवारायचं अशी पद्धत पडली. रानातले उंदीर आणि चिचुंद्र्याही विषाणू बाळगतात. आणि प्रौढ माद्यांना शेवटचं जेवण कोण देतं? रानातली मोठी जनावरं, आणि चरायला आलेल्या गाई-म्हशी. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, पण अंड्यांचा खर्च तीच भागवतात. लाइमच्या गोष्टीत हरणाची जी जागा, ती इथे गुरांची. माणूस सापडतो तो डिसेंबर ते मे या महिन्यांत, निम्फच्या हंगामात. लाकूडफाटा आणि पाचोळा गोळा करायला लोक जंगलात जातात तेही नेमके याच दिवसांत.

गुरांचीच एक उलटी गोष्ट केनियात सापडते. लायकिपियाच्या माळावर मोठे वन्यप्राणी कुंपणाबाहेर ठेवले तर गोचिडी घटण्याऐवजी वाढल्या, असं तिथल्या दीर्घ प्रयोगात दिसलं. पण त्याच माळावर ठरावीक दिवसांनी गोचीडनाशक लावलेली गुरं वन्यप्राण्यांबरोबर चरायला सोडली, तर गोचिडी झपाट्यानं कमी झाल्या. औषध लावलेली गाय म्हणजे चालता-फिरता सापळा. गोचिडीला ती नेहमीचीच यजमान वाटते, ती चढते आणि मरते.

हीच कल्पना उंदरांवर वापरायचा मोठा प्रयत्न न्यूयॉर्क राज्यात झाला. २४ वस्त्यांमध्ये चार वर्षं, कुठे आमिषाच्या लहान पेट्या ठेवल्या, ज्यात उंदीर शिरला की त्याच्या अंगाला गोचीडनाशक लागायचं, तर कुठे गोचिडींना मारणारी बुरशी फवारली. काही वस्त्यांत तुलनेसाठी औषधाशिवायच्या पेट्या आणि साधं पाणी होतं, आणि कुणाच्या अंगणात काय आहे हे रहिवाशांनाही माहीत नव्हतं. पेट्या ठेवल्या तिथे गोचिडी साधारण निम्म्यावर आल्या. पाळीव प्राण्यांचे गोचिडींमुळे होणारे आजारही कमी झाले. त्याच घरांतल्या माणसांचे मात्र झाले नाहीत. कुत्री-मांजरं बहुतेक वेळ आपल्याच अंगणात असतात, माणसं कुठे कुठे जाऊन येतात, हे त्याचं एक संभाव्य स्पष्टीकरण.